ब्रेडच्या रेसिपीत मिनिटं छापता, मग ग्रॅम का नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्टँड मिक्सरवर (म्हणजे पीठ मळायच्या उभ्या मशीनवर) घरी ब्रेड करायचा लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, कापायचं तर खुशाल कापा, पण आकडे कापू नका एवढीच विनंती, कारण माझी सगळी तक्रारच आकड्यांची आहे.

लेखातली रेसिपी अशी होती: ३ कप मैदा, १ कप कोमट पाणी, २ चमचे यीस्ट, चवीपुरतं मीठ, सगळं मिक्सरच्या बाऊलमध्ये टाका, हुक (पीठ मळणारा वाकडा दांडा) लावा, १० मिनिटं फिरवा, दुप्पट झालं की भाजा. झालं, संपला ब्रेड. शेजारी सोनेरी, फुगलेल्या लोफचा मोठा फोटो. मी काही बेकर नाही, पण गेली सात वर्षं आठवड्यातून दोनदा घरी ब्रेड करतोय आणि सुरुवातीची दोन वर्षं बरोब्बर असल्याच रेसिप्या वाचून विटा भाजल्यात, अक्षरशः विटा, एक तर दाराला अडसर म्हणून चालली असती. त्या वेळी मला वाटायचं माझ्याच हाताला गुण नाही. मग एक दिवस वजनकाटा आणला आणि कळलं की गुण हाताला असतो नसतो ते नंतर, आधी मापच चुकीचं होतं.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की ग्रॅमचं काय एवढं, आपल्याकडे सगळे अंदाजानेच करतात. अंदाज चालतो हो, पण ज्याला सवय आहे त्याचा. लेख ज्यांनी पहिल्यांदा मशीन आणलंय त्यांच्यासाठी होता ना, मग त्यांनी अंदाज कुठून आणायचा? पत्र लिहायच्या आधी मी घरात एक प्रयोग केला. तोच कप, तेच मैद्याचं पीठ, तीन माणसं. मी चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सपाट केलं, तीन कपांचं वजन आलं ३६६ ग्रॅम. मुलीने कप सरळ पिठात खुपसून भरला, ४३८ ग्रॅम. आणि जावयाने खुपसून वर परत कप ओट्यावर आपटला, म्हणजे जागा झाली म्हणून आणखी भरला, ४७१. रेसिपी एकच, "३ कप मैदा", आणि फरक शंभर ग्रॅमच्या वर. पाणी मात्र तिघांचं एकच कप, धरा २४० ग्रॅम.

हे आता टक्क्यात बघा म्हणजे मी एवढा का भांडतोय ते समजेल. ब्रेड करणारे लोक पिठाला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात मोजतात, पाण्याच्या टक्क्याला हायड्रेशन म्हणतात. माझं पीठ झालं साधारण ६६ टक्के, म्हणजे मऊ, जरा चिकट, मशीनला आवडेल असं. मुलीचं ५५ टक्के, घट्ट. जावयाचं ५१ टक्के, ते ब्रेडचं पीठ नाहीच, तो दगड. आणि हे तिघंही प्रामाणिकपणे तुमचीच रेसिपी करत होते! नंतर जावई मला म्हणतो, "बाबा, मशीनमध्येच काहीतरी प्रॉब्लेम आहे." मशीनचा काय प्रॉब्लेम, तिच्यासमोर जे टाकाल ते ती फिरवणार.

बरं, मशीन सुद्धा हे सगळं मुकाट्याने सोसते असं नाही. लेखात एक वाक्य होतं की स्टँड मिक्सर हे नवीन जमान्याचं खूळ असलं तरी वेळ वाचवतं. खूळ म्हणा हवं तर, पण नवीन नाही. १९०८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये होबार्ट कंपनीचा हर्बर्ट जॉन्स्टन नावाचा इंजिनिअर एका बेकरला लोखंडी चमच्याने पीठ ढवळताना बघत होता आणि त्याला वाटलं यापेक्षा बरा मार्ग असलाच पाहिजे, त्यातून आधी बेकऱ्यांसाठी मोठी मशीनं आली आणि १९१९ मध्ये घरात वापरायचं पहिलं किचनएड नावाचं मशीन आलं. ते पहिलं मॉडेल जवळजवळ ३० किलोचं होतं, म्हणजे घरात वापरायचं म्हटलं तरी उचलायला दोन माणसं. इंग्लंडमध्ये केनवुड शेफ नावाचा मिक्सर १९५० मध्ये आला. आणि शंभर वर्षांत मूळ युक्ती बदलली नाही, बाऊल जागेवर स्थिर आणि हुक स्वतःभोवती एका दिशेने फिरता फिरता बाऊलभर उलट दिशेने गोल हिंडतो, ग्रह सूर्याभोवती फिरतात तसा, म्हणून त्याला प्लॅनेटरी म्हणतात. (आणि हो, आपण रोज ज्याला मिक्सर म्हणतो ते वाटणाचं ब्लेडवालं भांडं वेगळं, लेखात दोन ठिकाणी नुसतं "मिक्सर" लिहिलंय, कोणीतरी खरंच त्यात पीठ टाकेल आणि मोटर जाळेल, तेवढं बघा.)

तर या प्लॅनेटरी मशीनची एक खोड आहे, घट्ट पीठ असलं की ते हुकला गुंडाळून बसतं आणि हुकसोबत नुसतं गोल गोल फिरतं, मळलं काहीच जात नाही, वर बाऊलच्या भिंतीवर धपाधप आपटत राहतं. आपल्याला वाटतं काय जोरात मळतंय! आणि त्या आपटण्याने मशीन ओट्यावर चालायला लागते. पहिल्या वर्षी मी असंच घट्ट पीठ लावून फोन घ्यायला आत गेलो, परत येतो तर मशीन ओट्याच्या कडेला पोचलेली, वायर ताणली गेली म्हणून अडकली नाहीतर खाली फरशीवर दहा किलोचा धातू आणि पीठ. तेव्हापासून मशीन चालू असताना मी स्वयंपाकघर सोडत नाही, दार वाजलं तरी आधी बंद करतो. हे वाक्य तुमच्या लेखात पाहिजे होतं, फोटो थोडा लहान चालला असता.

दुसरं म्हणजे गिअर. काही मशीनांमध्ये एक गिअर मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, लोड जास्त झाला की तो झिजतो किंवा तुटतो आणि मोटर वाचते. चांगली कल्पना आहे, पण गिअर बदलायला मशीन उघडावी लागते, आतलं ग्रीस काढावं लागतं, आणि ते काम ज्याने केलंय तो परत कधी ५१ टक्क्यांचं पीठ लावत नाही. माझ्या एका मित्राचा गिअर असाच गेला, दोन किलो पिठाचा गोळा, तोही अख्ख्या गव्हाचा, चौथ्या स्पीडला. मशीनच्या पुस्तकात पिठाची मर्यादा लिहिलेली असते, अख्ख्या गव्हाच्या पिठासाठी ती बहुतेक वेळा मैद्यापेक्षा कमी असते, आणि मळायला दुसऱ्या स्पीडच्या वर जाऊ नका असंही बऱ्याच घरगुती मशीनांच्या पुस्तकात स्पष्ट असतं. कोण वाचतं? मीही नव्हतं वाचलं.

म्हणजे बघा, कपाने मोजलं की पीठ घट्ट होतं, पीठ घट्ट झालं की मशीनला त्रास, आणि शेवटी दोष येतो कोणावर तर करणाऱ्यावर.

आता १० मिनिटांकडे येतो, माझा खरा राग तिथे आहे. लेखात वर लिहिलंय की जेवढं जास्त मळाल तेवढा ब्रेड मऊ. असं नाही हो. मळताना होतं काय, तर गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रोटीनं पाण्यात भिजली की एकमेकांना धरून ग्लुटेनचं जाळं करतात, यीस्टचा गॅस त्या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. हे जाळं निम्मं तर नुसतं पाणी घालून पडू दिलं तरी तयार होतं. रेमंड कॅलव्हेल म्हणून फ्रान्सचे ब्रेडचे मोठे जाणकार होते, त्यांनी १९७४ मध्ये ऑटोलीज नावाची पद्धत मांडली, आधी फक्त पीठ आणि पाणी एकत्र करायचं, वीस ते साठ मिनिटं झाकून ठेवायचं, मग बाकीचं घालून मळायचं, मळायचा वेळ बराच कमी होतो. फार जोरात आणि फार वेळ मळण्यावर तर त्यांचा आक्षेपच होता, पिठात इतकी हवा मिसळते की आतला नैसर्गिक पिवळसर रंग जातो आणि त्याबरोबर चवही. घरच्या मशीनवर एवढं टोक सहसा गाठलं जात नाही हे मान्य, पण "जास्त तेवढं चांगलं" हे कुठल्याच मशीनवर खरं नाही.

आणि दुसरं टोक बघायचं तर २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जिम लाही नावाच्या बेकरची न मळता करायची रेसिपी छापली होती, पाव चमचा यीस्ट आणि बारा ते अठरा तास तसंच ठेवायचं, मशीन नाही, मळणं नाही, आणि ती जगभर लोकांनी केली. हे मी मशीनच्या विरोधात सांगत नाहीये, माझी मशीन मला प्रिय आहे, सांध्यांमुळे हाताने मळणं आता जमतही नाही. सांगायचंय एवढंच की एका वर्तमानपत्रातल्या एका रेसिपीने लोकांच्या स्वयंपाकघरात किती फरक पडू शकतो, तुम्हाला कदाचित वाटत नसेल पण लोक तुमची कात्रणं फ्रीजला चिकटवून ठेवतात.

मिनिटांचं खरं दुखणं असं की मशीन मळता मळता पीठ तापवते, घासून घासून. हे हाताने मळताना एवढं जाणवत नाही. १० मिनिटांत माझ्या मशीनवर पीठ पाच-सहा डिग्रीने सहज चढतं. आणि यीस्टला वेळ कळत नाही, त्याला तापमान कळतं. पीठ २५-२६ डिग्री सेल्सिअसला मळून निघालं तर सगळं शिस्तीत चालतं, ३१-३२ झालं की यीस्ट सुसाट सुटतं, पीठ सैल आणि चिकट वाटायला लागतं, मग माणूस घाबरून आणखी पीठ टाकतो आणि परत तोच दगड. आणि तुमच्या रेसिपीत वर कोमट पाणी! उन्हाळ्यात, मशीनमध्ये, कोमट पाणी. इन्स्टंट यीस्ट असेल तर त्याला कोमट पाण्यात भिजवायची गरजच नसते, सरळ पिठात मिसळतं. कोमट पाणी लागतं ते मोठ्या दाण्याच्या ॲक्टिव्ह ड्राय यीस्टला. लेखात कुठलं यीस्ट ते लिहिलंच नाही, नुसतं "यीस्ट".

बेकऱ्यांमध्ये याचा एक साधा हिशोब असतो, शाळेतली बेरीज-वजाबाकी, तो इथे देतो आणि तुम्ही छापाच. हवं असलेलं पिठाचं तापमान गुणिले ३, त्यातून खोलीचं तापमान, कोरड्या पिठाचं तापमान आणि मशीनच्या घर्षणाचा आकडा वजा करायचा, उरेल ते पाण्याचं तापमान. घर्षणाचा आकडा प्रत्येकाच्या मशीनचा वेगळा, तो एकदाच काढायचा: नेहमीसारखं पीठ मळा, झाल्यावर मधोमध थर्मामीटर खुपसा, जे येईल त्याला ३ ने गुणा आणि त्यातून खोली, कोरडं पीठ, पाणी तिन्ही वजा करा. माझं झालं असं की खोली २८, पीठ २८, पाणी २२, आणि मळून पीठ निघालं ३० ला. तीस त्रिक नव्वद, वजा अठ्ठ्याहत्तर, उरले १२. म्हणजे पुढच्या वेळी मला २५ हवं असेल तर ७५ वजा २८ वजा २८ वजा १२, पाणी ७ डिग्रीचं. सात! फ्रीजमधलं पाणी! आणि मी दोन वर्षं कोमट घालत होतो. थंडीत खोली आणि पीठ दोन्ही १८ वर आले की तेच गणित २७ सांगतं, तेव्हा घाला कोमट, नाही कोण म्हणतंय.

हे वाचून घरातल्या घरात मला शास्त्रज्ञ म्हणतात, म्हणू देत. पण मोठे कारखानेसुद्धा मिनिटांवर विसंबत नाहीत. इंग्लंडमध्ये १९६१ साली चोर्लीवुड इथल्या प्रयोगशाळेत पटकन ब्रेड करायची पद्धत निघाली, तिच्यात पीठ अतिवेगाने जेमतेम पाच मिनिटांच्या आत मळतात, आणि कधी थांबायचं ते ठरतं पिठात किती ऊर्जा गेली त्यावरून, किलोला साधारण ११ वॅट-तास. म्हणजे ज्यांच्याकडे सगळं घड्याळावर चालतं तेही मळायला घड्याळ नाही तर मीटर बघतात. आपल्याकडे मीटर नाही, पण डोळे आणि बोटं आहेत. पीठ बाऊलची भिंत सोडायला लागतं, तळाशी थोडं चिकटलेलं राहतं, आवाज बदलतो, आधीचा चिकचिक आवाज जाऊन थपथप येतो. मग मशीन थांबवून लिंबाएवढा गोळा तोडायचा, एक मिनिट तसाच ठेवायचा आणि बोटांनी हळूहळू ताणायचा, पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला तर झालं, फाटला तर अजून दोन मिनिटं. याला विंडोपेन टेस्ट म्हणतात. माझ्या मशीनवर, ऑटोलीज केलेलं असेल तर, हे कधी पाच मिनिटांत होतं, नाही केलं तर नऊ. तुमच्या १० मिनिटांत काही पिठं कच्ची राहतील आणि काही तापून जातील. अख्ख्या गव्हाच्या पिठाला तर ही टेस्ट तेवढी नीट लागूही होत नाही, कोंड्याचे कण पडदा कापतात, त्याला पाणी जास्त, ७० टक्क्यांच्या वर, आणि मळायच्या आधी अर्धा तास भिजत ठेवणं हाच उपाय.

मधे मधे मशीन थांबवून हुकवर चढलेलं पीठ खाली ओढायला विसरू नका हेही लिहायला हवं होतं. इंग्रजी सी अक्षरासारख्या हुकवर पीठ जास्त चढतं, स्प्रिंगसारखा पीळ असलेला हुक ते खाली दाबत राहतो. आणि लोणी घालायचं असेल तर सुरुवातीला नाही, पीठ थोडं मळून झाल्यावर थोडं थोडं, नाहीतर चरबी पिठाच्या कणांवर बसते आणि ग्लुटेन बनायला उशीर होतो.

मिठाबद्दल तर काय बोलू. "चवीपुरतं मीठ" हे ब्रेडच्या रेसिपीत कसं चालेल? कच्चं पीठ कोण चाखून बघणार आहे? मीठ यीस्टला आवर घालतं आणि ग्लुटेन घट्ट करतं, ते राहिलं तर पीठ सैलावतं, वेड्यासारखं फुगतं आणि ब्रेड पुठ्ठ्यासारखा लागतो, हे मी स्वतः मीठ विसरून सिद्ध केलंय. पिठाच्या २ टक्के, बस. ४०० ग्रॅम पिठाला ८ ग्रॅम. चमचा म्हणू नका, बारीक मिठाचा चमचा आणि जाड मिठाचा चमचा यांच्या वजनात खूप फरक असतो. आणि इन्स्टंट यीस्ट १ टक्का, ४ ग्रॅम. तुमचे २ चमचे म्हणजे ६ ग्रॅमच्या वर गेले, तेही चहाचा चमचा धरला तर, टेबलस्पून धरला तर विचारूच नका.

"दुप्पट झालं की" हाही असाच गमतीचा प्रकार. गोल, वर पसरट होत जाणाऱ्या बाऊलमध्ये दुप्पट झालं हे कोणाला दिसतं? मी पिठातला मूठभर तुकडा सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत दाबून बसवतो, बाहेरून रबर बँड लावतो आणि ते बघतो, बरणीतलं दुप्पट झालं की बाऊलमधलंही झालं. २५ डिग्रीला तास-सव्वा तास, ३२ ला पाऊण तासही पुरतो. मग आकार देऊन साच्यात, आणि दुसऱ्यांदा फुगल्यावर बोट ओलं करून हळूच दाबायचं, खड्डा लगेच भरून आला तर थांबा, हळूहळू थोडासा भरला तर ओव्हनमध्ये घाला, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, तरी भाजाच, काय करणार.

भाजण्याबद्दल लेख बरा होता, २०० डिग्री, ३५ मिनिटं, ठीक आहे. फक्त घरच्या ओव्हनच्या बटणावरचे २०० आणि आतले २०० यांचं पटतंच असं नाही, म्हणून तोच थर्मामीटर लोफच्या मधोमध, ९३ ते ९६ आलं की झाला. आणि गरम गरम कापून लोणी लावतानाचा जो दुसरा फोटो दिलाय, तो बघून माझा जीव हळहळला. बाहेर काढल्यावरही आतला स्टार्च अजून बसत असतो, तासभर जाळीवर थांबा, नाहीतर सुरीला चिकट लगदा येतो आणि लोक म्हणतात कच्चा राहिला. उरलेला फ्रीजमध्ये ठेवू नका, फ्रीजच्या थंडाव्यात ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तशी काढून भाजा.

लेखिकेवर माझा राग नाही, त्यांनी मनापासून लिहिलंय, ओट्यावर पीठ सांडल्याचं वर्णन तर अगदी माझ्या घरचं. राग या सवयीवर आहे की रेसिपी म्हणजे सजावट, तिच्यातले आकडे कोणी तपासत नाही. शेअर बाजाराच्या पानावर एक दशांश चुकला तर दुसऱ्या दिवशी चूकभूल छापता ना? मग पिठात शंभर ग्रॅमचा घोळ होतो तेव्हा एक ओळ नको?

माझं म्हणणं काही अवघड नाही. पुरवणीत ब्रेडची रेसिपी येईल तेव्हा ग्रॅममध्ये द्या, यीस्ट कुठलं ते लिहा, पिठाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला प्रोटीन किती ते बघायला सांगा, १० च्या आसपास असेल तर पाणी ६० टक्क्यांपासून सुरू करा, १२-१३ असेल तर ६५ च्या वर जायला हरकत नाही, आणि मिनिटांच्या जागी पीठ कसं दिसलं पाहिजे ते लिहा. जागा लागणार असेल तर फोटो एक कमी करा. मी जी नेहमी करतो ती अशी: मैदा ४०० ग्रॅम, गार पाणी २६० (प्रोटीन कमी असेल तर २४०), मीठ ८, इन्स्टंट यीस्ट ४, साखर १२, तेल २०. पीठ-पाणी पहिल्या स्पीडला एक मिनिट, अर्धा तास झाकून ठेवा, मग बाकीचं घालून दुसऱ्या स्पीडला पडदा येईपर्यंत. ९ बाय ५ इंचाच्या साच्यात एक लोफ होतो. एवढंच छापलं असतं तरी जावयाचा दगड झाला नसता.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. पत्र छापलंत आणि त्यातला घर्षणाचा १२ हा आकडा चौकटीत घ्यायचा मोह झाला तर घेऊ नका, तो फक्त माझ्या मशीनचा आहे, तोही एका लोफच्या पिठाला. दोन लोफचं पीठ लावलं की माझाच आकडा बदलतो. प्रत्येकाने आपापला काढायचाय, थर्मामीटर लागेल.